शिरूर-दौंडकडील दोन दिवस

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें नाहीं तर विलायतेंतील राजवाडे उभे राहतात. आमचा हा प्रवास पुणें जिल्ह्याची हद्दही ओलांडून गेला नाहीं. शिरूर आणि दौंड हीं दोन तालुक्यांचीं गांवें. एक नगर रस्त्यावर, दुसरें सोलापूरच्या लोहमार्गावर. दोन्हींवरून आम्ही आजवर कितीदां तरी गेलों, पण तेथें उतरलों असें क्वचितच घडलें. पुण्याच्या माणसाला हीं गांवें चहापुरतीं ठाऊक असतात. यंदाच्या माघांत मात्र तिकडे दोन दिवस काढण्याचा योग आला, आणि जें पाहिलें त्याचा संबंध आपल्या घराघरांशीं असल्यामुळें तें येथें सांगावेंसें वाटतें.

निमित्त असें झालें. शिरूरास आमचे एक जुने स्नेही आहेत. माध्यमिक शाळेंत अठ्ठावीस वर्षें गणित शिकवून ते निवृत्त झाले. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतों. त्यांचा निरोप आला, "चिरंजीवांना परदेशीं नोकरी लागत आहे. कागदपत्र एकदां आपल्या नजरेखालून जावेत." आमची पुतणी म्युनिक शहरीं सॉफ्टवेअरच्या कामावर असते, ती तेव्हां रजेवर आली होती. ती म्हणाली, "नानाकाका, असले कागद मला कळतात. मीही येतें." त्याप्रमाणें दोघें सकाळींच मोटारीनें निघालों.

कोरेगांवीं भीमा ओलांडल्यावर शिक्रापुरास आम्हीं नगर रस्ता सोडला व डावीकडे पाबळला वळलों. पाबळ म्हणजे मस्तानीच्या समाधीचें गांव, एवढीच बहुतेकांची माहिती. परंतु येथें विज्ञान आश्रम नांवाची एक संस्था आहे, ती पाहण्याची इच्छा बरेच दिवस मनांत होती. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टर. मुंबईस हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधनशाळेंत मोठ्या पदावर होते. तें सर्व सोडून १९८३ सालीं या कोरडवाहू, उपेक्षित गांवीं ते येऊन राहिले. शाळेनें ज्यांना नापास ठरविलें अशा मुलांस वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी हीं प्रत्यक्ष हातानें करीत शिकवावीं, आणि कामांतूनच त्यांना विज्ञान समजावें, ही त्यांची पद्धत. २००३ सालीं ते वारले. संस्था चालू आहे. अमेरिकेंतील एम. आय. टी. या विख्यात विद्यापीठानें आपल्या आवाराबाहेर 'फॅब लॅब' या नांवाच्या ज्या कार्यशाळा उभ्या करविल्या, त्यांतील अगदीं पहिल्यांमध्यें पाबळची गणना होते. तें वर्ष २००२. जगाचा रस्ता पाबळपर्यंत येऊं शकतो, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें. मात्र तो आपोआप आला नाहीं. जाणता माणूस त्या गांवीं उतरला, तेव्हां तो आला.

परत नगर रस्त्यास लागून रांजणगांवीं महागणपतीचें दर्शन घेतलें. देवळापासून जवळच औद्योगिक वसाहत आहे. शीतकपाटांपासून मोटारींपर्यंत अनेक वस्तू तेथें तयार होतात. कोरियाच्या, अमेरिकेच्या, इटलीच्या कंपन्यांच्या पाट्या पाहून पुतणी म्हणाली, "काका, या सगळ्यांना रांजणगांवचा पत्ता बरोबर सांपडला. रांजणगांवच्या मुलाला यांचा पत्ता कां सांपडूं नये?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

शिरूरला जुनीं माणसें अद्याप घोडनदी म्हणतात. घोड नदीच्या या तीरावर गांव, पलीकडे अहिल्यानगर जिल्हा. इंग्रजी अमदानीच्या आरंभीं येथें मोठी छावणी होती. कोरेगांवच्या लढाईंत उतरलेली पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं येथूनच निघाली होती. आतां छावणीच्या जागीं बाजारपेठ, महाविद्यालय आणि क्लासांच्या पाट्या.

गुरुजींच्या घरीं काकूंनीं हुरड्याचें ताट पुढें केलें, पण घरांतील मंडळींचें लक्ष त्याकडे नव्हतें. मुलगा पंचविशीचा, संगणकशास्त्राचा पदवीधर. खराडीस एका लहान कंपनींत त्यानें तीन वर्षें काम केलें. ती कंपनी बंद झाल्यापासून चौदा महिने तो घरीं होता. दोनशेंवर अर्ज केले. बहुतेकांस साधी पोंचही आली नाहीं. अशा वेळीं एका दलालामार्फत बँकॉकच्या कोणा कंपनीचें नेमणूकपत्र आलें. पगार दरमहा एक लाख. आरंभीं तीन लाख रुपये भरावयाचे. त्याकरितां दोन एकर जमीन गहाण टाकण्याचें ठरलें होतें, आणि काकूंच्या हातांतील पाटल्या आधींच पेढीवर गेल्या होत्या.

पुतणीनें पत्र दोनदां वाचलें. मग तिनें मुलाला शांतपणें चार प्रश्न विचारले. मुलाखतींत तुझ्याकडून एक तरी ओळ लिहून घेतली का? कंपनीचा पत्ता नकाशावर कोठें आहे? परवाना कामाचा आहे कीं पर्यटकाचा? आणि पैसे कंपनी मागते कीं मध्यस्थ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' आलें; तिसऱ्याचें 'पर्यटकाचा'. ती म्हणाली, "गुरुजी, ही नोकरी नव्हे."

मग तिनें सर्व समजावून सांगितलें. सप्टेंबर २०२२ मध्यें आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेंच जाहीर इशारा दिला होता कीं, थायलंडांत 'डिजिटल विक्री'च्या नोकरीचें आमिष दाखवून संगणक जाणणाऱ्या तरुणांस सरहद्दीपलीकडे म्यानमारांत नेऊन डांबण्यांत येतें. तेथें त्यांच्याकडून जगभरच्या लोकांस फसविण्याचें काम करून घेतात. आपल्याकडील १९८३ च्या कायद्याप्रमाणें परदेशीं नोकरभरती करणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी लागते. 'ई-मायग्रेट' या सरकारी स्थळावर ती कोणालाही पाहतां येते. उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेण्याची दलालास मुभा नाहीं. गुरुजींनीं तेथेंच शोध केला. त्या दलालाचें नांव यादींत नव्हतें.

जमीन वांचली म्हणून आम्हीं सुस्कारा सोडला. पण मुलगा संतापानें उठून उभा राहिला. "ताई, तुम्ही सांगतां तें खरें असेल. पण तुमच्या वर्गांतले किती जण परदेशांत आहेत?"

"दहाबारा असतील."

"त्यांतल्या एकानें शब्द टाकला कीं तुमचा अर्ज वाचला जातो. माझ्या वर्गांत पारपत्रसुद्धां कोणाकडे नाहीं. मला हा दलाल भेटला, कारण दुसरें कोणी भेटलेंच नाहीं."

पुतणी कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी पहिली नोकरी शिफारशीनेंच लागली, हें खरें आहे."

वाचकहो, तिनें तेवढें तरी कबूल केलें. आमची गोष्ट त्याहून वाईट होती. गेल्या चैत्रांत गुरुजींनीं या मुलाचा अर्ज आमच्याकडेच धाडला होता, 'आपल्या पुतणीस दाखवावा' म्हणून. आम्हीं 'पाहतों' असें उत्तर दिलें, आणि विसरून गेलों. तिला आम्हीं तो कधीं दाखविलाच नाहीं. गुरुजींनीं त्या दिवशीं ती गोष्ट काढली नाहीं. त्यांच्या सौजन्यामुळें ती अधिकच बोंचली. शेवटीं आम्हींच ती सर्वांसमोर सांगितली. काकू एवढेंच म्हणाल्या, "असूं द्या, भाऊजी. कामें असतात."

रात्रीं दोघें तरुण जेवणानंतर बाराएकपर्यंत संगणकापुढें बसलीं. तिनें त्याचा चार पानांचा अर्ज एका पानावर आणला. वडिलांचें नांव, जन्मतारीख, छायाचित्र सर्व काढून टाकलें, आणि त्यानें प्रत्यक्ष काय बांधलें तें वर आणलें. देशोदेशींचे नियमही सांगितले. अमेरिकेचा 'एच-१बी' परवाना वर्षाला ६५,००० जणांस व तेथील उच्च पदवी घेतलेल्या आणखी २०,००० जणांस. मागणी त्याहून किती तरी मोठी. त्यांत सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेनें बाहेरून आणावयाच्या नव्या माणसामागें एक लाख डॉलरांचा भार मालकावर आला. तेव्हां सारी आशा तेथेंच गुंतवूं नये. जर्मनीनें उलट नोव्हेंबर २०२३ पासून आपलें 'ब्लू कार्ड' सैल केलें आहे. संगणकाच्या कामाचा गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव असेल, आणि नेमणूक व ठरलेला किमान पगार पदरीं असेल, तर पदवीचीही अट नाहीं. त्या मुलाचीं खराडीचीं तीन वर्षें, जीं तो वायां गेलीं असें समजत होता, तींच उपयोगाचीं होतीं. हें कोणीं त्याला सांगितलेंच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं दौंडास जावयाचें होतें. शिरूरहून न्हावऱ्याचा रस्ता धरला. ज्वारीची काढणी चालली होती. भीमेच्या जवळ येतांच ऊंस दिसूं लागला. पारगांवीं नदी ओलांडून केडगांवीं आलों. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन येथलेंच. १८९६-९७ च्या दुष्काळांतील मुलींना त्यांनीं येथें आसरा दिला, आणि १९२२ सालीं येथेंच त्या निवर्तल्या. त्यांच्या धर्मांतराविषयीं आपल्या घरांतून पुष्कळ वाद झाले. ते येथें उकरण्याचें कारण नाहीं. आम्हांला वेगळीच गोष्ट आठवली. १८८६ सालीं रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं. आणि आनंदीबाई तेथें पोंचल्या कशा? गोपाळरावांचें एक पत्र अमेरिकेंतील मिशनच्या मासिकांत छापलें गेलें. तें न्यू जर्सी प्रांतांतील श्रीमती कार्पेंटर नांवाच्या एका गृहिणीच्या वाचनांत आलें. त्या बाईंनीं उत्तर लिहिलें. पुढें तीन वर्षें पत्रें लिहिलीं, आणि १८८३ सालीं आनंदीबाईंना स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें. आनंदीबाईंची बुद्धि आणि धैर्य त्यांचें स्वतःचें. परंतु त्या परक्या बाईनें 'पाहतों' म्हणून तें मासिक बाजूला ठेवलें असतें तर?

दौंड हें जुनें जंक्शन. पुणें, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांस येथून गाड्या जातात; मनमाडचा फांटा १८७८ चा. पूर्वीं मनमाडकडून पुण्यास येणारी प्रत्येक गाडी दौंडांत शिरे, इंजिनाचें तोंड फिरवी, आणि मग पुढें जाई. आतां कॉर्ड लाइन झाल्यापासून पुष्कळ गाड्या जुन्या स्थानकांत न येतां बाहेरूनच निघून जातात. वेळ वांचतो हें खरें. गांवाला मात्र तें जाणवतें.

येथें पुतणीची एक ओळखीची मुलगी राहते. दोघींची ओळख केवळ कामांतली. प्रत्यक्ष भेट प्रथमच. वडील लोकोशेडमधून निवृत्त झालेले, आई आजारी. ही मुलगी घरच्या माडीवर बसून हॉलंडच्या एका कंपनीचें काम करते. तिला विचारलें, हें जमलें कसें? ती म्हणाली, "काका, जगांत पुष्कळ सॉफ्टवेअर असें आहे कीं जें सर्वांस खुलें आहे. कोणीही त्यांतली चूक सुधारून द्यावी. मी वर्षभर फुकट चुका सुधारल्या. त्या कामाच्या प्रमुखानें शेवटीं विचारलें, तूं नोकरी कोठें करतेस? मीं सांगितलें, कोठेंच नाहीं. त्यानें दोन ठिकाणीं माझें नांव कळविलें."

अशा कामाचा मोबदला देणारी 'गुगल समर ऑफ कोड' ही योजना २००५ पासून चालू आहे, आणि गांव कोणतें हें तेथें कोणी विचारीत नाहीं, असेंही तिनें सांगितलें. पण तिनें आम्हांस गुलाबी चित्र दाखविलें नाहीं. ती कंपनीची नोकर नव्हे, कंत्राटी आहे. भविष्यनिर्वाहनिधि नाहीं, रजेचा पगार नाहीं, प्राप्तिकर स्वतः भरावा लागतो. वीज गेली कीं शेजाऱ्यांकडे धांवावें लागतें. हॉलंडचें घड्याळ आपल्यामागें साडेतीन ते साडेचार तास, त्यामुळें रात्रीचें जेवण नेहमीं थंड. "तिकडे जाऊन राहिलें तर पगार दुप्पट होईल," ती म्हणाली, "पण आईला टाकून कशी जाऊं?" परदेशची नोकरी म्हणजे परदेशगमनच, असें आम्ही धरून चाललों होतों. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस तिचा मार्ग कमी मोलाचा वाटला नाहीं.

परत निघण्यापूर्वीं दोघी मुलींनीं ठरविलें कीं, दर रविवारीं सायंकाळीं एक तास द्यावयाचा. शिरूर, दौंड, जेथून कोणी येईल त्याचा अर्ज वाचावयाचा, खोटी मुलाखत घेऊन इंग्रजी बोलण्याची भीति घालवावयाची, आणि दलालाचें पत्र आलें असेल तर तें तपासावयाचें. शिरूरच्या मुलाचें नांव पहिलें लिहिलें गेलें.

हें लिहितेवेळीं त्याला नोकरी लागलेली नाहीं. बर्लिनच्या एका कंपनीनें पहिली मुलाखत घेतली. त्यांत तो अडखळला. दुसरीकडे बोलावणें आलें आहे. काकूंच्या पाटल्या मात्र पेढीवरून घरीं आल्या.

वाचकहो, आपल्या आजोबा-पणजोबांपैकीं कित्येक जण कोंकणांतून, देशावरून पुण्यास आले आणि वार लावून शिकले. सात घरांनीं एकेक दिवस वांटून घेतला, म्हणून एक मुलगा पुढें आला. त्या घरांना त्याचें ओझें झालें नाहीं. आज आपल्यांतील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी म्युनिकला, न्यू जर्सीला, सिंगापुरास आहे. पानावर वाढावयाचें अन्न आतां निराळें आहे: वाचलेला एक अर्ज, टाकलेला एक शब्द, वेळेवर दिलेली एक धोक्याची सूचना. आठवड्यांतून एक वार आपल्या घरानें घ्यावा, इतकेंच मागणें आहे. आमच्या घरीं तो रविवार ठरला आहे. आणि 'पाहतों' हा शब्द आम्हीं सोडला आहे.