डेरा की राहुटी

हिवाळ्यात भंडारदऱ्याला जाण्याचे ठरले तेव्हा, मुक्काम कोठे करावा या मुद्द्यावर, महसूल खात्यातून निवृत्त झालेले माझे मेहुणे आणि मी यांच्यात निघण्यापूर्वीच रीतसर सुनावणी झाली. जलाशयाकाठी पलंग, गाद्या, विजेचे दिवे आणि लगतचे स्नानगृह अशा सरंजामानिशी उभे असलेले, हल्ली ज्यांना ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात ते डेरे त्यांना पसंत होते. मला माझी पाठीवरची राहुटी रतनवाडीच्या एखाद्या पडीक वावरात, धन्याची परवानगी घेऊन, ठोकायची होती.

“भावजी, कापडाखालीच निजायचे, तर पलंगावर निजल्याने आभाळ काही दूर जात नाही,” असे म्हणून त्यांनी इंग्रजी अमदानीतील कलेक्टरांच्या दौऱ्यांचा दाखला दिला. दाखला बिनतोड होता. किंबहुना मोगल बादशहाची स्वारी एका मुक्कामी असता तंबूंचा दुसरा संच पुढच्या मजलेवर आगाऊ रवाना होई, तेव्हा फर्राशांनी आधीच अंथरून ठेवलेल्या अरण्यात जाऊन उतरण्याची हौस आजची नव्हे.

मला खटकत होते ते हेच, की अशा बंदोबस्तात जागेची निवड परस्पर उरकलेली असते. रात्रीची गार, जड हवा उतारावरून ओघळून सखल भागात साचते म्हणून काठापासून काहीसे वर चढावे, वाळक्या फांद्यांखालची जागा कितीही रम्य असली तरी वर्ज्य मानावी, डोके चढाकडे येईल असे अंथरूण घालावे, आणि झडप गच्च लावल्यास आपल्याच श्वासाची वाफ कापडाला आतून धरून पहाटे तोंडावर ठिबकते, हे जाणून ती बोटभर उघडी ठेवावी, असा विचार करीत, रतनगडाचा खुट्टा समोर काळवंडत असता, वावरातून पायाने ढेकळे चाचपीत हिंडण्यात जी गोडी आहे, ती मला कोणत्याही गादीवर सापडलेली नाही. अर्थात गुडघे धड असतील तोवरच ही मिजास, मेहुण्यांचे नव्हते.

अखेर ते डेऱ्यात राहिले, मी राहुटीत. सकाळी गाडीने येऊन त्यांनी राहुटीची आतून बाहेरून पाहणी केली, कापडाला हात लावून ओल तपासली आणि निकाल स्वतःच्या बाजूने दिला. झोप त्यांचीच उत्तम झाली होती, यात वाद नाही. मग वावराच्या धन्याकडची पिठले-भाकरी दोनदा मागून घेत त्यांनी त्याच्याशी सातबाऱ्यावरच्या नोंदींविषयी इतकी तपशीलवार चर्चा आरंभिली, की मी निमूटपणे उठून मेखा उपटल्या आणि राहुटी बांधाच्या आडोशाला हलवली. रात्री त्या बाजूने वारा फारच लागला होता.