चौरस फुटात न मावणारा खर्च

संपादकांनी सुचवलेला विषय होता 'कमी बजेटमध्ये घर कसं सजवावं'. मी तो थोडा वळवून घेतला आहे, कारण इंटिरियरच्या कामात लोकांना महागाईपेक्षा जास्त डाचतं ते हे, की दहा लाख सांगितले आणि चौदा लागले. वरच्या चार लाखांचा दोष बहुधा कंत्राटदाराच्या दानतीवर ठेवून मंडळी मोकळी होतात. दानत खोटी असलेली माणसं या व्यवसायात आहेत, हे मी नाकारत नाही. तरीही माझं ठाम मत असं, की छुप्या खर्चाचा मोठा हिस्सा मोजायच्या पद्धतीतच दडलेला असतो. पहिल्याच फोनवर 'तुमचा स्क्वेअर फुटाचा रेट काय?' असं विचारलं, की त्या खर्चाला लपायला जागा आपणच करून देतो.

वॉर्डरोबचंच घ्या. बाजारात तो समोरून मोजतात: सात फूट रुंद, सात फूट उंच, म्हणजे ४९ चौरस फूट. खोली या हिशेबात येतच नाही. दीड फूट खोलीचा वॉर्डरोब आणि दोन फुटांचा, दोन्ही ४९च. आतलं कामही येत नाही. मधे दोन उभ्या फळ्या टाकून तीन खण केले आणि प्रत्येक खणात चार आडव्या फळ्या बसवल्या, तर एकेक फळी साधारण सव्वादोन फूट बाय दोन फूट, म्हणजे साडेचार चौरस फुटांची होते. बारा फळ्यांना ५४ चौरस फूट प्लाय लागला. आठ बाय चारच्या शीटमध्ये ३२ चौरस फूट असतात. कापण्यातली वेस्टेज धरली तर दोन शीट त्यातच संपल्या. एका वॉर्डरोबमध्ये कपडे टांगायचा नुसता रॉड, दुसऱ्यात बारा फळ्या, आणि माप दोघांचं एकच. समजा एकाने १,३०० चा भाव दिला आणि दुसऱ्याने १,५०० चा, तर स्वस्त कोण हे कशावरून ठरवणार? पहिल्याच्या भावात ड्रॉवर, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, आतलं लॅमिनेट आणि वरचा लॉफ्ट धरलेला नसेल, तर वाचलेले ९,८०० रुपये पहिल्या आठवड्यातच उडतात.

किचनमध्ये हेच रनिंग फुटात घडतं. एल आकाराच्या ओट्यामागच्या भिंती दहा आणि आठ फुटांच्या असल्या, की अनेकदा बिल अठरा फुटांचं लागतं. ओटा दोन फूट खोल, त्यामुळे कोपऱ्यातले दोन फूट दोन्ही भिंतींत धरले जातात. एकदाच धरले तर सोळा फूट भरतात. शिवाय तो कोपरा वापरता यावा म्हणून बसवायचा फिरता ट्रे वेगळा. ही बाजाराची जुनी रीत आहे, लबाडीच असते असं नाही. पण ती कोटेशनवर लिहिलेली नसते. 'वॉटरप्रूफ प्लाय' या शब्दांचंही तेच. मरिन प्लायचं भारतीय मानक आयएस ७१०, नेहमीच्या प्लायचं आयएस ३०३, आणि ३०३ मध्येही दमटपणा सोसणारा एमआर वेगळा, उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारा बीडब्ल्यूआर वेगळा. मानकाचा क्रमांक, ग्रेड आणि जाडी लिहिलेली नसेल, तर भाव नेमका कशाचा ठरला? लॅमिनेटचा 'बेसिक रेट' शीटला हजार धरलेला असतो, दुकानात पसंत पडते अडीच हजारांची; फरक ग्राहकाच्या माथी.

नव्या टॉवरमध्ये याहून मोठा खर्च भिंतीत बसलेला असतो. ॲल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, म्हणजे ज्यांना सगळे मायवान म्हणतात त्या इमारतींत, आतल्या बहुतेक भिंतीही आरसीसीच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. विटांच्या भिंतीसारखी तिथे झिरी मारता येत नाही, मारूही नये. पलंगाची जागा बदलली म्हणून दोन स्विच सरकवायचे ठरलं, की वायर लपवायला पॅनेलिंग आलं आणि पॅनेलिंगवर लॅमिनेट आलं. यादीत मात्र 'इलेक्ट्रिक पॉइंट' एवढंच लिहिलेलं. हे ड्रॉइंगवर आधी दिसतं. साइटवर कळलं, तर पैसे मोजण्यावाचून इलाज उरत नाही.

यावर व्यवसायातले माझे सहकारी म्हणतात, एवढं तपशीलवार लिहून द्यायचं तर आधी सगळी ड्रॉइंग करावी लागतात, आणि तीच घेऊन ग्राहक दुसऱ्याकडून स्वस्तात काम करून घेतो. आक्षेप खरा आहे, आणि त्यामागची चीडही मला कळते. खपून केलेल्या ड्रॉइंगना आपल्याकडे नुसते कागद समजतात. म्हणूनच डिझाइनची फी कामापासून वेगळी आणि आधी द्यायला हवी. ती वाचवली असं ज्याला वाटतं, त्याच्याकडून ती कोटेशनच्या पोटातून वसूल होतेच. ग्राहक म्हणतात, टर्नकी एकरकमी करार केला की प्रश्न मिटला. पण एकरकमी आकडाही यादीवरच उभा असतो. यादी नसेल तर कंत्राटदार जोखीम धरून आकडा फुगवतो, नाहीतर कमी सांगून पुढे 'एक्स्ट्रा' लावतो. जुन्या घरांबद्दलचा आक्षेप मात्र मला मान्य आहे: फरशी उखडेपर्यंत बाथरूमचं वॉटरप्रूफिंग किती खराब झालंय, हे कुणालाच सांगता येत नाही. तिथे दहा टक्के रक्कम बाजूला ठेवावी आणि वाढीव कामांचे दर आधीच लिहून घ्यावेत. सोसायटीची ठेव, हमाली, राडारोडा उचलण्याचे पैसे, १८ टक्के जीएसटी हे तर पहिल्याच दिवशी मांडता येतं. 'बिल नको, जीएसटी वाचेल' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की सहा महिन्यांत लॅमिनेट सुटलं तर ग्राहक आयोगापुढे ठेवायला हाती बिल नसेल.

आमच्या बाजूनेही एक गोष्ट व्हायची राहिली आहे. डिझायनरची फी एकूण खर्चाच्या टक्केवारीत असली, की खर्चाबरोबर फीही वाढते. त्यात प्लाय, टाइल्स, हार्डवेअरच्या दुकानांतून डिझायनरला किंवा सुताराला कमिशन मिळण्याची पद्धत सर्रास आहे. दुकानदार ते पदरचं देत नाही, ग्राहकाच्या बिलातूनच काढतो. माझ्या मते फी ठरावीक रकमेची असावी आणि दुकानाने दिलेली सूट ग्राहकाच्या बिलात उतरावी. कमिशन घेता का, हा प्रश्न ग्राहकाने पहिल्याच भेटीत न संकोचता विचारावा आणि उत्तर करारात लिहून मागावं.