दोन उशा, दोन पुस्तके

इटालियन लेखक इटालो काल्व्हिनो यांची १९७९ सालची एक कादंबरी आहे, ‘इफ ऑन अ विंटर्स नाइट अ ट्रॅव्हलर’. तिचा नायक म्हणजे ‘तुम्ही’, वाचणारा! बांधणीतल्या चुकीने तीच ती पाने पुन्हा येतात, म्हणून ‘तुम्ही’ पुस्तक बदलायला दुकानात जाता. तिथे लुडमिला भेटते. तिचीही तीच तक्रार. पुढे दहा कादंबऱ्या सुरू होतात, एकही पुरी होत नाही. त्या शोधताना दोघांचे जुळते. आम्हा बी.कॉम.वाल्यांना हा हिशेब आधी लागेना.

शेवटी ते नवरा-बायको. एकच पलंग, दोघांच्या हाती आपापले पुस्तक. ती आपला दिवा मालवते, त्यालाही मालवायला सांगते. त्याची थोडी पाने उरलेली असतात.

“लाईट बंद करा,” हे आमच्याही घरी रोजचे. पहाटे पाणी भरायचे असते ना! पण आमच्याकडे पुस्तक एकाच उशीला. सातवीत शाळा सुटलेल्या बायकोला बावीस वर्षांत मी एक गोष्ट वाचून दाखवली नाही. बाहेर मात्र महिला मंडळात वाचनावर भाषणे देतो.

परवा तिला ही कादंबरी सांगायला बसलो. तिसरी गोष्टही मध्येच तुटली तशी ती चिडली, “अहो, पण पुढं काय झालं?”