चार वेळा सांगितलेले नाव

सूरह यूसुफचा किस्सा आमच्याकडे कुणाला मुद्दाम शिकवावा लागत नाही. तो घरातच कानावर पडतो. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा, मिस्रमध्ये झालेली विक्री, खोटा आळ, कैदखाना आणि मग तोच कैदी मुलुखाच्या खजिन्यांचा रखवालदार. दुष्काळात धान्य मागायला आलेले भाऊ त्याला ओळखत नाहीत, तो मात्र त्यांना ओळखतो. आता हा काय करणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. हजरत यूसुफ (अ.) आपले नाव सांगतात ते माफ करण्यासाठी. नाव सांगणे आणि माफी देणे एकाच दमात होते.

कॉलेजात असताना अलेक्झांडर द्यूमाची 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही कादंबरी आम्ही प्रथम एका फाटक्या संक्षिप्त इंग्रजी आवृत्तीत वाचली. तेव्हा ती परक्या मुलखातली आहे असे वाटलेच नाही, ते यामुळे. मार्सेय बंदरातला एडमंड दांतेस हा तरुण खलाशी. जहाजाचा कप्तान होणार, मर्सेदेसशी लग्न होणार, एवढ्यात त्याच्या बाजूची माणसे त्याच्याविरुद्ध खोटी चिठ्ठी लिहितात आणि सरकारी वकील विलफोर स्वतःच्या बापाचे प्रकरण झाकण्यासाठी त्याला शातो दिफच्या समुद्री किल्ल्यात गाडतो. १८१५ ते १८२९, चौदा वर्षे. ना खटला, ना शिक्षेची मुदत. शेजारच्या कोठडीतल्या फारिया नावाच्या पाद्र्याकडून तो विद्या आणि खजिन्याचा पत्ता घेतो, पळतो आणि काउंट होऊन परततो.

पुढे संपूर्ण कादंबरी वाचली तेव्हा लक्षात आले की सूडाच्या एकेका टप्प्यावर द्यूमाने तेच केले आहे जे यूसुफच्या किश्श्यात आहे, म्हणजे नाव उघड करणे. पण अर्थ उलटा. कादरूस मरताना काउंट त्याच्या कानात आपले खरे नाव सांगतो. फर्नांपुढे तो खलाशाचे जुने कपडे घालून उभा राहतो आणि ते नाव फर्नांच्याच तोंडून बाहेर पडते. विलफोरला तो स्वतः सांगतो, मी एडमंड दांतेस. तेव्हा विलफोर त्याला हाताला धरून आत नेतो आणि आपल्या बायकोचे आणि लहानग्या एडुआरचे प्रेत दाखवतो. बायकोने स्वतः विष घेतले होते आणि मुलालाही दिले होते. त्या घरात विष शिरले त्यात काउंटचा हात होता. काउंट त्या मुलाला शुद्धीवर आणण्याची धडपड करतो. ते जमत नाही. विलफोर वेडा होतो आणि काउंट प्रथमच स्वतःला विचारतो, हा हक्क मला कुणी दिला?

इस्लामने बदल्याचा हक्क नाकारलेला नाही. जेवढी इजा तेवढाच किसास, त्यापुढे एक पाऊल नाही, आणि त्या हद्दीतही माफ करणाऱ्याचा दर्जा वरचा. एडुआरच्या प्रेताजवळ काउंटला ही हद्द दिसते. म्हणून चौथ्या वेळी, रोमजवळच्या डाकूंच्या गुहेत उपासाने केस पांढरे झालेल्या दांग्लारपुढे तो उभा राहतो, तेव्हा आधी म्हणतो, तुला माफ केले. मग नाव सांगतो. कादंबरी ११७ प्रकरणांची आहे. आमच्या मते ती सगळी या एका क्रमबदलासाठी लिहिली गेली आहे.

पडद्यावर काय झाले ते आता पाहू.

ऑगस्ट १८४४ ते जानेवारी १८४६ या काळात पॅरिसच्या 'जुर्नाल दे देबा' या दैनिकात ही कथा क्रमशः आली. तिच्या रचनेत ऑग्युस्त माकेचा हात मोठा होता. सिनेमा जन्मला तेव्हापासून तिच्यावर चित्रपट निघत आले. १९१३ च्या अमेरिकन मूकपटात काउंट झालेला जेम्स ओनील हा नाटककार युजीन ओनीलचा बाप. रंगभूमीवर हीच भूमिका त्याने हजारो वेळा केली होती. पैसा भरपूर मिळाला, पण लोक त्याला दुसऱ्या कुठल्या वेषात पाहायला तयार होईनात. दांतेस चौदा वर्षांनी सुटला, जेम्स ओनील मात्र शातो दिफमधून कधी बाहेर आलाच नाही.

१९३४ साली हॉलिवुडने रॉबर्ट डोनॅटला घेऊन बोलपट काढला. चित्रपट देखणा आहे, पण शेवटी एडमंड आणि मर्सेदेस एकत्र येतात. कादंबरीत ते होत नाही. मर्सेदेस काउंटला पहिल्याच भेटीत आवाजावरून ओळखते. तिला नाव सांगण्याची गरजच पडत नाही. तरीही मधली वर्षे परत मिळत नाहीत. द्यूमाला हे कळत होते, निर्मात्यांना परवडत नव्हते. १९९८ च्या फ्रेंच मालिकेत काउंट झाला जेरार देपार्द्यू. तिथेही अखेर मर्सेदेसच. चौदा वर्षे कोठडीत काढलेला माणूस एवढा अंगाने भरलेला कसा, हा प्रश्न आमच्या घरातल्या बायकांनी पहिल्याच भागाला विचारला होता!

आपल्याकडच्या तरुणांना माहीत असलेला चित्रपट २००२ चा, केविन रेनॉल्ड्सचा. जिम कॅव्हिझेल दांतेस, गाय पिअर्स फर्नां. केबलवर तो इतक्यांदा लागायचा की आमच्या भाच्याला तो तोंडपाठ झाला. गती आहे, तलवारबाजी आहे, रिचर्ड हॅरिसचा फारिया तर मजेदारच. तो शिष्याला तलवारही शिकवतो आणि मरताना सूडापासून दूर राहायलाही सांगतो. पण शिष्य ते ऐकत नाही आणि चित्रपटही ऐकत नाही. मर्सेदेसचा मुलगा आल्बेर हा दांतेसचाच निघतो, फर्नां द्वंद्वात मरतो, बायको, मुलगा, दौलत सगळे जागच्या जागी. विलफोरच्या घरातले ते लहान मूल इथे नाहीच. दांग्लारची उपासमार नाही, म्हणून चौथ्या वेळचे नावही नाही. मूल काढून टाकले की सूडाला काही किंमत मोजावी लागत नाही. दोन तासांत अकराशे-बाराशे पाने बसवायची तर कात्री लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. कात्री नेमकी कुठे लागते ते मात्र पाहण्यासारखे असते.

याच चित्रपटात आणखी एक जण गायब आहे, हैदे. कादंबरीतली हैदे ही यानिनाच्या अली पाशाची मुलगी. बाप मुसलमान, आई ग्रीक. बापाच्या संमतीने ती आईच्या धर्मात वाढलेली. अली पाशा हा इतिहासातला खरा माणूस, १८२२ साली तो मारला गेला. कादंबरीत त्याचा घात करणारा फर्नांच आहे. तोच हैदेला आणि तिच्या आईला गुलामांच्या व्यापाऱ्याला विकतो. पुढे ही मुलगी पॅरिसच्या वरिष्ठ सभागृहात जन्माचे, बाप्तिस्म्याचे आणि स्वतःच्या विक्रीचे कागद ठेवून साक्ष देते. फर्नां पडतो तो काउंटच्या तलवारीने नव्हे, तिच्या कागदपत्रांनी. पूर्वेची म्हणून रेशमात बसवून ठेवलेली ही बाई भर सभेत उभी राहून बोलते, ती जागा आम्हाला फार आवडते.

अलीबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. काउंटचा हा मुका न्यूबियन नोकर. ट्यूनिसच्या बेने त्याची जीभ, मग हात, मग डोके छाटण्याची शिक्षा दिलेली. काउंटला मुका नोकर हवाच होता, म्हणून जीभ कापली जाईपर्यंत तो थांबला आणि मग दुनळी बंदूक देऊन त्याने अलीला सोडवून घेतले. हे तो जेवतानाच्या गप्पांत सांगतो! आमच्या नावाचा माणूस, आणि त्याला एक वाक्यही नाही. ज्या लेखकाची स्वतःची आजी, मारी-सेसेत, आजच्या हैतीत गुलाम होती, त्याने हे लिहावे याचे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही.

कारण अन्याय म्हणजे काय हे द्यूमाला घरूनच ठाऊक होते. त्याचे वडील, जनरल तोमा-अलेक्झांडर द्यूमा, नेपोलियनबरोबर मिस्रला गेले होते. परतताना इटलीत कैद झाले, दोन वर्षांनी प्रकृतीची माती होऊन सुटले आणि १८०६ साली गेले. मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. द्यूमाच्या अस्थी फ्रान्सने २००२ साली पँथिऑनमध्ये नेल्या. नंतर २०१० साली द्यूमाच्याच आयुष्यावर चित्रपट आला, तेव्हा त्याची भूमिका कुणाला मिळाली? देपार्द्यूलाच, चेहऱ्याला सावळा रंग आणि डोक्याला कुरळा टोप लावून. फ्रान्समध्ये त्यावर बराच गदारोळ झाला, तो रास्तच होता.

या कथेचे पूर्वेशी नाते वरवरचे नाही. काउंट जुन्या मालकाचे, मोरेलचे, बुडते घर वाचवतो तेव्हा सही करतो 'सिंदबाद जहाजी' म्हणून. आपल्या घराघरांतला हा सिंदबाद उपकाराच्या वेळी पुढे येतो. द्यूमाने पॅरिसजवळ बांधलेल्या 'शातो द माँटे क्रिस्टो'त ट्यूनिसहून आणलेल्या कारागिरांनी कोरलेले एक दालन आहे. १९८५ साली त्याची दुरुस्ती झाली ती मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांच्या पैशाने.

म्हणून मिस्रने ही गोष्ट उचलली याचे आम्हाला नवल वाटले नाही. दिग्दर्शक हेन्री बरकात यांनी १९५० साली 'अमीर अल-इंतिकाम' काढला. या नावाचा अर्थ आपल्याला कुणी सांगायला नको. अन्वर वगदी त्यात नायक. त्याच दिग्दर्शकाने १९६४ साली तीच कथा 'अमीर अद-दहा' म्हणून पुन्हा केली. पहिल्यात दुसरी भूमिका करणारा फरीद शौकी या वेळी नायक झाला. नायकाचे नाव हसन अल-हिलाली. इथे फ्रान्स नाही, म्हणून 'पूर्व' नावाचा सजावटीचा पडदाही नाही. मुका अली लागत नाही, कारण बोलणारे, फसवणारे, फसणारे, रडणारे सगळे आपल्याच नावांचे. तुर्कस्तानात २००९ ते २०११ या काळात 'एझेल' ही मालिका आली. तिचा उमर मित्रांच्या दग्याने तुरुंगात जातो आणि चेहरा बदलून परततो. तिथला फारिया म्हणजे रमीझ दायी. 'दायी' म्हणजे मामा. तुरुंगातल्या गुरूला मामू म्हणावे, ही कल्पना द्यूमाला सुचली नसती.

फारियाचे तर मूळच आपल्या शेजारी. कादंबरीत तो इटालियन आहे, पण नाव ज्यांच्यावरून घेतले ते आबे फारिया गोव्यातल्या कांदोळीचे. १७५६ चा जन्म. पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग दाखवून गाजले आणि १८१९ साली तिथेच वारले. पणजीत रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे, आदिलशाही राजवाड्याच्या अगदी बाजूला. पडद्यावर मात्र हॅरिस आयरिश, २०२४ च्या फ्रेंच चित्रपटातला फाविनो इटालियन. गोव्याचा फारिया अजून कुणी दाखवलेला नाही. कादंबरीतल्या फारियाची एक गोष्ट आम्ही विसरत नाही. कुणी दगा दिला हे तोच दांतेसला तर्काने उलगडून दाखवतो, आणि लगेच पस्तावतो की याच्या मनात मी सूड पेरला.

हा २०२४ चा चित्रपट फ्रान्समध्ये नव्वद लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पिएर नीनेचा काउंट आम्हाला आवडला. तो थकलेला दिसतो. एडुआर इथेही नाही. हैदे आहे, पण शेवटी ती आल्बेरबरोबर निघून जाते आणि काउंट एकटा समुद्रावर. कादंबरीत हैदे काउंटबरोबर जाते. तरीही सूडातून काहीच परत मिळत नाही, एवढे तरी या चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखवले.

आम्ही या जुन्या फ्रेंच गोष्टीत इतके का गुंतलो, ते सांगायला हवे. खटला संपेपर्यंत अर्धे आयुष्य आत गेलेली माणसे आपल्या वस्त्यांना नवी नाहीत. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. त्या खटल्यातून शिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षांनी, २०१५ साली निर्दोष सुटले. उरलेल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण निकाल ऐकायला हयात नव्हता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निवाडा दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवले नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली त्यांच्याही हाती एकोणीस वर्षांनी काही लागले नाही. इथे कुणाला बेटावरचा खजिना सापडत नाही. वाहिद शेखांनी तुरुंगात कायद्याची पदवी घेतली आणि 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. त्यांच्यावर २०२२ साली 'हेमोलिम्फ' हा चित्रपट आला.

भाच्याला आम्ही त्या चित्रपटाची गोष्ट सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मामू, मग त्याने त्या लोकांचं काय केलं?"

"पुस्तक लिहिलं. स्वतःच्या नावाने."

"बस, एवढंच?"

आम्ही काही बोललो नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा तो मोबाइलवर २००२ च्या चित्रपटातले शेवटचे द्वंद्व पाहत बसला होता, आवाज अगदी बारीक करून.