उघडा पत्रा

हिंजवडी, श्रावण. टेबलावर मिग-२१ एफएल लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल आहे, १:७२ प्रमाणातलं. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने बांधलेली ही विमानं १९६० च्या दशकात रंगाविना, उघड्या पत्र्यानिशी उडत. म्हणून चंदेरी रंग निवडताना जीव अडकतो. झगमगाट नको, तो खेळण्याला शोभतो. टामियाच्या फवाऱ्याच्या रंगांतला एएस-१२ मला खऱ्या अॅल्युमिनियमच्या सर्वांत जवळचा वाटतो. चमक दबलेली, कण बारीक. टीएस-८३ जास्त चकाकतो, तो मोजक्या पत्र्यांनाच. आधी प्लास्टिक घासून गुळगुळीत करायचं, कारण चंदेरीखाली केसाएवढा ओरखडाही उठून दिसतो. शेपटीकडे इंजिनाच्या धगीने काळवंडलेला पत्रा, त्याची छटा वेगळीच हवी. आणि हवा अशी ओली असताना फवारलं तर रंगावर पांढुरकी झाक येते. उघडीप मिळेपर्यंत थांबणार.