कोणत्या नदीवर जावे?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत राहणाऱ्या माणसाने नदीची वाण आहे अशी तक्रार करू नये. घोड, कुकडी, भीमा आणि पुण्याहून येणारी मुळा-मुठा अशा नद्या आपल्या अंगणातून वाहतात. शिरूरला तर जुनी माणसे अजूनही ‘घोडनदी’ म्हणूनच ओळखतात. तरीही गेल्या नाताळच्या सुटीत एका कुटुंबाने आम्हांस विचारले, “फादर, मुलांना गळ टाकायला कोणत्या नदीवर न्यावे?” तेव्हा लगेच उत्तर देणे आम्हांस जमले नाही.

हे कुटुंब आमच्याच धर्मग्रामातले. थोरला मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला. पत्नी आणि दोन मुलांसह तो आईवडिलांकडे आला होता. तिकडे उन्हाळ्यात सारे घर मिळून ‘स्मॉलमाउथ बास’ नावाचा मासा धरावयास जाते. हा मासा थंड, नितळ आणि खडकाळ पाण्यात रमतो. त्यामुळे मंडळी आधी नदी निवडतात, मग शिदोरी बांधतात. पाणी स्वच्छ आहे काय, तळाशी गोटे आहेत काय, मुलांना उभे राहण्यापुरता उथळ काठ आहे काय, हे सारे पाहून निर्णय होतो. नातवाने तेच प्रश्न आजोबांना विचारले आणि आजोबा त्याला घेऊन आमच्याकडे आले.

हा बास आपल्याकडे नाही. परंतु खडकाळ, वाहत्या पाण्याची आवड असलेले मासे आपल्या नद्यांतही होते. कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील ‘खुद्री’ हा महसीर त्यांना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळाला होता, तर ‘मुसुल्ला’ हा दुसरा मोठा मासा शिरूरच्या घोडनदीत. विशेष असे की, त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत ठेवली. जगभरच्या ग्रंथांत ती आजही तशीच आहेत. नावे टिकली, पाण्याचे मात्र तसे म्हणता येत नाही.

आजोबांच्या मनात एकच जागा होती. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा भीमेला मिळते, तो संगम. लहानपणी ज्वारीच्या ताटाचा तुकडा दोऱ्याला बांधून, गांडूळ लावून, त्यांनी तिथे संध्याकाळी घालवल्या होत्या. “माझ्या नातवाने पहिला मासा तिथेच धरावा,” असे ते म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज किंचित कापला. पण पुण्यासारख्या महानगराचे सांडपाणी ज्या प्रवाहातून येते, तिथला मासा मुलांच्या ताटात वाढावा असे कोण म्हणेल? मुलाने वडिलांना हे सांगितले, ते जरा तोडूनच. आजोबा गप्प झाले. तिथून पुढे प्रश्न माशांचा राहिला नाही.

मग आम्ही सर्वांनी बसून एकेक नदी तोलली. टाकळी हाजीजवळची कुकडी अमेरिकेतल्या वर्णनाशी सर्वांत जुळणारी. तिथे आणि पलीकडच्या निघोजला पाण्याने काळ्या खडकात कोरलेले रांजणखळगे जगप्रसिद्ध आहेत. परंतु ते खळगे खोल, कडा निसरड्या. पाहावयास उत्तम, मुलांच्या हाती गळ देण्यास नव्हे. दौंडजवळची भीमा आम्हांस प्रिय. पण जिथे जिथे वाळूचा उपसा झाला, तिथे तळाशी अचानक खड्डे पडले आहेत. वरून पाणी गुडघाभर वाटते आणि पुढच्याच पावलाला पाय टेकत नाही. भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात मासे भरपूर, पण प्रवास लांबचा.

राहिले चिंचणीचे घोड धरण. काठ उतरता, पाणी डिसेंबरात निवळलेले, आणि शिरूरहून जवळ. अशा जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतो. म्हणून आधी तिथल्या भोई बांधवांना विचारले. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याच्या पाण्यात हौशी माणसाने न विचारता उतरू नये. पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालावयास प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा तर गळ घरीच असावा.

रविवारच्या मिस्सानंतर आम्ही निघालो. दुपारपर्यंत चार चिलापी आणि वीतभर लांबीचा एक रोहू, एवढेच हाती लागले. नातू सारेच मासे सोडावयास निघाला. तिकडे तशी रीत आहे. आजी चकित झाली. “धरलेला मासा परत पाण्यात? मग धरला कशाला?” तोडगा एका भोई बांधवाने काढला. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. 1952 साली तो भारतात आणला गेला आणि जिथे गेला तिथे पसरला. तो खुशाल खावा. रोहू अजून लहान आहे. त्याला वाढू द्यावे. दोघांचेही समाधान झाले. चिलापी तव्यावर गेली आणि रोहू नातवाच्या ओंजळीतून पाण्यात गेला.

परत निघताना मुलाने गाडी घराकडे न वळवता विचारले, “बाबा, संगमावर जायचं?” गळ गाडीतच ठेवून सारे काठावर उभे राहिले. पाण्याला वास होता. आजोबांनी आपली बसण्याची जागा दाखवली, कुठे डोह होता, कुठे धार होती ते सांगितले. नातवाने विचारले, “आजोबा, ही घाण कोणाच्या घरातून येते?” पुण्यात मुलाचा फ्लॅट आहे, आजोबांची धाकटी मुलगीही तिथेच राहते. आजोबा म्हणाले, “आपल्याही घरातून येते, बाळा.”

वाचकहो, सुटीत मुलांना जरूर नदीवर न्या. सुरक्षित काठ निवडा, स्थानिकांना विचारा, लहान मासे सोडून द्या. पण जिथे गळ टाकता येत नाही, त्या नदीवरही एकदा न्या. ती आपलीच आहे, हे मुलांना कळू द्या. खुद्री हे नाव ज्या पाण्याने जगाला दिले, ते पाणी निवळावे असे त्यांना वाटावयाचे असेल, तर आधी त्यांनी ते पाहिले पाहिजे.