आजोबांची जत्रा, नातवाचा महाल

ऑक्टोबरफेस्ट म्हणजे नुसती बिअर, असं समजून म्युनिकला जाऊ नका. 12 ऑक्टोबर 1810 रोजी बव्हेरियाचे युवराज लुडविग यांचं राजकन्या तेरेसाशी लग्न झालं. त्यानिमित्त कुरणावर घोड्यांची शर्यत झाली आणि त्यातूनच ही जत्रा सुरू झाली. मैदानाला आजही तेरेसाचं नाव आहे. नाव ऑक्टोबरचं असलं, तरी जत्रा सप्टेंबरमध्येच सुरू होते. बिअर नको असेल, तर आकाशपाळणे, भाजलेले बदाम आणि भलेमोठे प्रेट्झेल आहेतच. फक्त 6 वर्षांखालील मुलांना रात्री 8 नंतर मंडपात थांबता येत नाही.

आठवड्याच्या सहलीत पुढचा टप्पा आल्प्सचा. युवराजांचा नातू, राजा लुडविग दुसरा, माणसांच्या गर्दीपासून दूर राहणारा. त्याने 1869 मध्ये नॉयश्वानस्टाइनचा पाया घातला. 1886 मध्ये तो गेला, तेव्हा काम अपुरंच होतं आणि त्याच वर्षी महाल लोकांसाठी खुला झाला. एकांतासाठी बांधलेल्या दालनांतून आज रांगा सरकतात! जवळच्या लिंडरहोफचं काम मात्र त्याने पूर्ण झालेलं पाहिलं.

लिंडरहोफजवळच ओबरअमरगाऊ गाव आहे. 1633 मध्ये प्लेगच्या साथीत गावकऱ्यांनी येशूच्या जीवनावरचं नाटक करण्याचा नवस बोलला. तो ते साधारण दर 10 वर्षांनी आजही फेडतात.

नॉयश्वानस्टाइनचं तिकीट आधीच काढा. आत फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवा आणि गाइडचं ऐका.